गिरणीतल्या बायकांना महायुद्धाने कामाला लावले नाही

दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि त्यामुळे मुंबईतील स्त्रिया पहिल्यांदा गिरण्यांत शिरल्या, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा असून बहुधा इंग्लंड-अमेरिकेचा इतिहास परळ-लालबागला चिकटवलेला आहे. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्री कामगारांचे तास अकरापर्यंत मर्यादित केले होते; १९२० च्या दशकात तर शहरातील गिरणी कामगारांपैकी साधारण एक पंचमांश स्त्रियाच होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत सूत गुंडाळणे, तुटलेला धागा सांधणे ही त्यांची कामे, आणि मजुरी बहुतेक वेळा कामाच्या मापाने. प्रसूतिलाभाचा मुंबईचा कायदाही १९२९ चा, म्हणजे युद्धाच्या दहा वर्षे आधीचा. उलट युद्धकाळात गिरण्यांनी रात्रपाळ्या वाढवल्या, तेव्हा स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास कायद्याने सर्वसाधारण मनाई असल्याने त्या पाळ्या मुख्यतः पुरुषांनीच भरल्या. युद्धाने खरोखर नवे दार उघडले ते लिहित्या-वाचत्या स्त्रियांसाठी : १९४२ साली स्थापन झालेल्या विमेन्स ऑक्झिलियरी कोअर या स्त्रियांच्या लष्करी साहाय्यक दलात त्या लष्करी कचेऱ्यांत कारकुनी, टेलिफोन आणि सांकेतिक संदेशांची कामे करू लागल्या.