बंदर लांब, घाट आडवा

निर्यात वाढली की मागास जिल्हे आपोआप वर येतात, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत चौदा वर्षं डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करण्याचं काम सांभाळलंय, म्हणून लिहितोय. मुंबईजवळचं न्हावाशेवा बंदर इथून सहाशे किलोमीटरच्या आसपास. वाटेतल्या बिजासन घाटात एक ट्रेलर आडवा झाला की मागे रांग, आणि तिकडे जहाजाची कट-ऑफ वेळ (माल पोचवायची शेवटची वेळ) थोडीच थांबते! एकदा कंटेनर चार तास उशिरा पोचला. माल गेला पुढच्या जहाजावर, वर थांबल्याचं भाडं. ते परदेशी गिऱ्हाईक देत नाही. मार्जिनमधून जातं, मग हळूच मजुरीतून.

तरी आम्ही इंदूरवाले नशीबवान. पीथमपूर धार जिल्ह्यातच, पण त्याच जिल्ह्यातली कुक्षीकडची पोरं मजुरीला गुजरातेत जातात. घाटाजवळच्या सेंधव्याला रेल्वे नाही, तिथला कापूस ट्रकनेच निघतो.

इंदूर-मनमाड रेल्वेलाइनीचं आजोबांपासून ऐकतोय. केंद्राची मंजुरी आली सप्टेंबर २०२४ मध्ये. ३० नवी स्टेशनं होणार म्हणे. त्यांतल्या किती ठिकाणी मालधक्का असेल, ते मात्र कोणी विचारत नाही.