नव्या सीईओला चार हिताच्या गोष्टी

अभिनंदन! एका नावाजलेल्या संगणक कंपनीची सूत्रं तुमच्या हाती आली. पहिलं पथ्य असं, की कारखान्याकडे फिरकायचं नाही. तिथली माणसं उगाच माल, ग्राहक, तक्रारी असले किरकोळ विषय काढतात. तुम्ही थेट ‘व्हिजन’ला हात घाला. १९९३ साली लुई गर्स्टनर आयबीएममध्ये सीईओ म्हणून आले. कंपनीला त्या वर्षी ८ अब्ज डॉलरच्या वर तोटा, आणि हे गृहस्थ पत्रकारांना सांगतात की आयबीएमला सध्या व्हिजनची गरज सगळ्यात कमी आहे! वर कंपनीचे तुकडे पाडण्याची आयती योजनाही त्यांनी गुंडाळून ठेवली. कंपनी सावरली म्हणा, पण सीईओपदाचा रुबाब काय राहिला?

रुबाब शिकावा तो संगणक कंपनी एचपीचे तेव्हाचे सीईओ लिओ ॲपोथेकर यांच्याकडून. १८ ऑगस्ट २०११, एकच दिवस. जुलैत बाजारात आणलेला टचपॅड नावाचा टॅबलेट ४९ दिवसांत बंद. ऑटोनॉमी नावाची ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी १० अब्ज डॉलरहून अधिक मोजून घ्यायची. आणि पीसीचा विभाग कदाचित वेगळा काढू.

हा ‘कदाचित’ जपून ठेवा, फार गुणी शब्द आहे. एचपी तेव्हा जगात सर्वांत जास्त पीसी विकत होती. उलाढालीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यातून येई. आता एखाद्या बँकेचा खरेदी अधिकारी डोळ्यांसमोर आणा. त्याला हजारभर यंत्रं हवीत, पुढची काही वर्षं दुरुस्तीची हमी हवी. हमी देणाराच म्हणतो, आम्ही असू, कदाचित. अधिकारी दुसऱ्या कंपनीला फोन लावतो. गुंतवणूकदारही मग हिशेब करतात: दुसऱ्या दिवशी शेअर २० टक्के कोसळला. सप्टेंबरात साहेब घरी. पुढच्या वर्षी ऑटोनॉमीपायी ८.८ अब्ज डॉलर कंपनीला खर्ची टाकावे लागले. ऑटोनॉमीच्या हिशेबात घोळ होता, असं कंपनीचं म्हणणं. पण तो घोळ इतका महाग विकत घेण्याचं श्रेय तुमच्यासारख्या द्रष्ट्यांनाच जायला हवं.

गंमत पुढे आहे. एचपीचे दोन भाग शेवटी झालेच, २०१५ मध्ये. ॲपोथेकर यांच्या जागी आलेल्या मेग व्हिटमन यांनी वर्षभर आधी सांगितलं: काय कुठे जाणार, कधी जाणार. शेअर त्या दिवशी चक्क वर गेला! म्हणजे विभाजनात काही दम नाही, बातमी कशी फोडता त्यात आहे. तुम्ही अर्थातच अर्धवट फोडा.

मालाची यादी छाटण्याच्या फंदातही पडू नका. १९९७ साली ॲपलमध्ये परतलेल्या स्टीव्ह जॉब्झनी सगळा पसारा चार चौकटींत, म्हणजे चारच प्रकारच्या संगणकांत, कोंबला. अब्जावर तोट्यातली कंपनी वर्षभरात नफ्यात आली, पण किती विभागप्रमुख दुखावले असतील, विचार करा.

एवढं करूनही शेअर हलत नसेल, तर एक रामबाण उपाय उरतो. फेब्रुवारी २००५ मध्ये एचपीने सीईओ कार्ली फिओरिना यांना पदावरून दूर केलं, शेअर सुमारे ७ टक्के चढला. ऑगस्ट २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सीईओ स्टीव्ह बाल्मर यांनी निवृत्ती जाहीर केली, पुन्हा ७ टक्क्यांच्या आसपास. ना नवं उत्पादन, ना एक नवा ग्राहक. तेव्हा राजीनाम्याचा मसुदा आजच टाइप करून खणात ठेवा. तारखेची जागा कोरी सोडा, ती संचालक मंडळ भरेल.