पायथॉनवाल्यांनो, लूपला नाव देऊ द्या की!

आज पुन्हा तेच. टीममधल्या ज्युनिअर मुलीने पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या कोडवर सिनिअर महाशयांचा शेरा: 'फ्लॅग कशाला? आतला लूप वेगळ्या फंक्शनमध्ये काढ, तिथून रिटर्न कर.' झालं! दोष तिचा, भाषेचा नाहीच.

काम साधं होतं. बाहेर फायलींचा लूप (तेच काम एकेका फाइलवर पुन्हा पुन्हा करणारा कोड), आत ओळींचा. एक जरी ओळ बिघडलेली निघाली तरी अख्खी फाइल सोडून पुढची घ्यायची. पण पायथॉनमध्ये आतला ब्रेक फक्त आतलाच लूप थांबवतो, आणि पुढच्या फेरीवर नेणारा कंटिन्यूही आतल्यापुरताच. म्हणून तिने 'स्किप' नावाचा फ्लॅग, म्हणजे खरं-खोटं लक्षात ठेवणारी खूण, ठेवला. तो ट्रू झाला आणि पुढच्या फाइलला परत फॉल्स करायचा राहिला. त्यापुढच्या सगळ्या धडधाकट फायली गायब! एरर नाही, काही नाही. रिपोर्ट आपला गुपचूप अर्धा.

जावात लूपला नाव देऊन त्याच नावाने ब्रेक-कंटिन्यू करता येतं. जावास्क्रिप्ट, गो, रस्ट, स्विफ्ट, कोटलिन, सगळ्यांत ही सोय आहे. पीएचपीत तर 'ब्रेक २' लिहिलं की दोन्ही लूपच्या बाहेर. (हे आकडे मला नाही आवडत. मध्ये एक लूप घुसला की हिशोब चुकलाच.)

पायथॉनसाठीही प्रस्ताव आला होता, पेप ३१३६ (पेप म्हणजे पायथॉनमधल्या बदलाचा लेखी प्रस्ताव). २००७ मध्ये पायथॉनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी तो नाकारला. कारण काय, तर इतका गुंतागुंतीचा कोड क्वचितच लागतो आणि बहुतेक वेळा रिटर्नने भागतं. क्वचित? फायली आणि ओळी, ही गुंतागुंत?

बरं, फंक्शन काढल्याने कोड पुष्कळदा सुटसुटीत होतो, मान्य. पण त्या मुलीच्या आतल्या लूपमध्ये बेरजा चालू होत्या, चुकांची यादी भरत होती. ते सगळं आत पाठवा, बाहेर आणा, कशासाठी? एक उडी मारायला! फॉर-एल्सची युक्ती तर सांगूच नका. लूपला जोडलेला, ब्रेक झाला नाही तरच चालणारा तो एल्स खुद्द रॉसमना पुन्हा संधी मिळाली असती तर ठेवायचा नव्हता.

सिनिअरवर राग नाही हो. त्यांनाही कुणीतरी हेच शिकवलं असणार. पण ती पोर दुपारभर स्वतःलाच बोल लावत बसली होती, ते बघवेना.

बाहेरच्या लूपला नाव, आणि कंटिन्यूपुढे तेच नाव. हवं त्याने द्यावं, नको त्याने देऊ नये. जुना कोड जसाच्या तसा चालेल. दुरुपयोग होईल म्हणता? होईल थोडा. फ्लॅगचा काय कमी होतोय?