“देव राखेल” हे मुलांना सांगायचं की नाही? एका कमेंटला उत्तर

सलाम दादा,

तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि मुद्दाम दोन दिवस थांबले, कारण घाईत लिहिलं असतं तर मी फक्त माझी बाजू मांडत बसले असते आणि तुम्ही जे लिहिलंय ते तेवढ्यावर सोडून देण्यासारखं नाहीये.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की मे महिन्यात आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) व्हीबीएसमध्ये, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेत, आम्ही मुलांना बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या ६व्या अध्यायातली देवाची शस्त्रसामग्री शिकवली, पुठ्ठ्याची ढाल, शिरस्त्राण वगैरे करून. त्यावर दादांचं म्हणणं असं की तुम्ही कोवळ्या पोरांच्या डोक्यात सैतान आणि लढाई घालताय, मी पण मंडळीतच वाढलोय, आठ वर्षांचा असताना संडे स्कूलच्या टीचरनी सांगितलं की प्रार्थना न करता झोपलं की सैतानाला दार उघडं मिळतं, त्यानंतर कितीतरी वर्षं मी लाईट लावून झोपायचो. आणि पुढे, “येशू तुला काही होऊ देणार नाही” असं मुलाला सांगणं म्हणजे त्याच्या गळ्यात ताईत बांधणंच आहे, आपला ताईत दिसत नाही एवढाच फरक.

पहिलं म्हणजे त्या टीचरनी तुम्हाला जे सांगितलं ते चूक होतं. मी स्वतः अकरा वर्षं संडे स्कूल घेतेय म्हणून हे जबाबदारीने सांगते, त्यांचा हेतू चांगला असेल, मुलांना प्रार्थनेची सवय लागावी एवढंच असेल, तरी चूकच. शास्त्रात तसं कुठेच नाहीये. १२१वं स्तोत्र काढून बघा, तिथे जागं कोण राहतंय? इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही असं म्हटलंय, म्हणजे पहारा देवाचा आहे, झोपायचं काम लेकराचं आहे. तुमच्या बाबतीत काय झालं की तो अख्खा पहारा एका आठ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर टाकला गेला, तू विसरलास तर दार उघडं! एवढं ओझं घेऊन कुठलं पोर शांत झोपेल हो? प्रभू येशू स्वतः वादळात होडीत उशी घेऊन झोपला होता आणि घाबरलेल्या शिष्यांनी त्याला उठवलं तेव्हा त्याने आधी वादळाला गप्प केलं आणि मग त्यांच्या भीतीविषयी विचारलं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरं, माझ्या पोस्टमध्ये एक वाक्य होतं की “शत्रू आपल्या मुलांवर सतत टपलेला आहे म्हणून त्यांना लहानपणीच तयार करा”. ते तुम्ही बरोबर पकडलंत. सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो हे वचन माझ्या डोक्यात होतं, पण प्रेषित पेत्राने ते छळ सोसणाऱ्या मंडळ्यांना लिहिलंय, मोठ्या माणसांना, आणि मी ते उचलून थेट पाच-सहा वर्षांच्या मुलांना लावलं. ते वाक्य मी काढलंय.

पण शस्त्रसामग्रीचा धडा मी सोडणार नाही, आणि का ते नीट सांगायचंय.

त्याच ६व्या अध्यायात, शस्त्रसामग्री यायच्या सहा-सात ओळी आधी, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल बापांना सांगतो की मुलांना चिरडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत आणि शिक्षणात वाढवा. म्हणजे मुलांशी कसं वागायचं ते आधी आणि शस्त्रं नंतर. आणि हे लिहिणारा माणूस बेड्यांत आहे, तसं तो स्वतःच खाली २०व्या ओवीत सांगतो. ज्याच्या हातापायात साखळ्या आहेत तो माणूस “देव तुम्हाला काही होऊ देणार नाही” या अर्थाने ढाल म्हणत असेल असं मला वाटत नाही. मग कुठल्या अर्थाने? तर ती शस्त्रं कोणती ते एकदा मोजा ना, सत्य, नीतिमत्त्व, शांतीची सुवार्ता, विश्वास, तारण, देवाचं वचन. यात मंत्र-तंत्र काही नाही. सत्याचा कमरबंद शिकवला त्या दिवशी मी मुलांना विचारलं की खोटं बोलल्यावर पोटात कसं होतं, तर एक मुलगा म्हणाला की त्याने वर्गातली एकाची कंपासपेटी तोडली होती आणि दुसऱ्याच मुलाचं नाव सांगितलं होतं, आणि मग तो मुलगा दिसला की हा जिना बदलून जायचा. आठवडाभर दुसऱ्या जिन्याने! मी त्याला म्हटलं की बघ, खोटं बोललास तेव्हा तू सुटलास असं तुला वाटलं, पण लपत कोण फिरत होतं? सोमवारी त्याने जाऊन खरं सांगितलं. आध्यात्मिक संरक्षण म्हणजे काय हे मला यापेक्षा सोपं करून सांगता येत नाही, खरं बोलणाऱ्याला जिना बदलावा लागत नाही.

आणि ढालीची गंमत सांगते. पौलाने ढालीसाठी जो ग्रीक शब्द वापरलाय तो “दार” या शब्दावरून आलाय, कारण रोमन सैनिकांची ती ढाल दारासारखी उंच असायची. म्हणून आम्ही ताटलीएवढी ढाल न करता कूलरच्या खोक्याचा अख्खा पुठ्ठा घेतला, त्याला मागून सुतळीच्या मुठी लावल्या, तर ती लहान पोरांना एकट्याने उचलेचना, दोघादोघांनी धरायला लागली. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. पण त्या पत्रात “धारण करा” हे अनेकांना उद्देशून आहे, एका मुलाने एकट्याने अंधारात सैतानाशी लढायचं असं त्यात नाहीच मुळी, रोमन सैनिकसुद्धा ढालीला ढाल लावून उभे राहायचे. तुम्ही त्या वयात एकटे होतात दादा, तुमच्या शेजारी ढाल धरायला कोणी नव्हतं, टीचरनी भीती दिली आणि घरी कोणी विचारलं नाही. शिकवण्यात खरी कमी इथे राहिली असं मला वाटतं.

अजून एक, ही शस्त्रसामग्री “देवाची” का म्हणतात? यशयाच्या ५९व्या अध्यायात बघा, तिथे परमेश्वर स्वतः नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण घालतो. म्हणजे मुलाला बापाचे कपडे मिळतायत. पावसात बाबा आपला मोठा रेनकोट काढून लेकराच्या अंगावर घालतात ना, बाह्या लोंबतायत, जमिनीवर घासतोय, तसं. हे चित्र मी मुलांपुढे ठेवते आणि त्यात शत्रूचं वर्णन करायची मला गरजच पडत नाही, शिंगं नाहीत, लाल डोळे नाहीत. भीती मुलांकडे आधीच असते, अंधाराची, शाळेतल्या दांडगट मुलाची, आईबाबांच्या भांडणाची, ती आपण आणून द्यावी लागत नाही.

आता ताईत. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण तुमचा हा मुद्दा मला सगळ्यात लागला.

यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम म्हणून जागा आहे, तिथल्या जुन्या थडग्यांमध्ये १९७९ मध्ये चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या, साधारण २६०० वर्षांपूर्वीच्या. उलगडल्या तर त्यावर “परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो” हा बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातला याजकांचा आशीर्वाद कोरलेला. बायबलमधल्या मजकुराचे आज हातात असलेले हे सगळ्यात जुने नमुने. आणि त्या गुंडाळ्या बहुतेक गळ्यात घालायच्या होत्या, म्हणजे ताईतच! तेव्हा वचनाचा ताईत करायचा मोह फार जुना आहे हे मला मान्यच आहे. आपल्याकडेही आहे, काळा दोरा सोडला आणि उशीखाली बायबल ठेवलं आणि मनात भाव तोच. (वसईची माझी मैत्रीण कॅथलिक आहे, त्यांच्यात २ ऑक्टोबरला रक्षक दूतांचा सण असतो, तिच्या आईने तिला गळ्यातलं मेडल देताना सांगितलं होतं की हे तुला राखत नाही, कोण राखतो त्याची आठवण देतं. मला ते बोलणं फार आवडलं.)

पण शास्त्र स्वतः या मोहाविरुद्ध किती स्पष्ट आहे बघा. ९१वं स्तोत्र आपण प्रत्येक घरात संरक्षणासाठी वाचतो, तेच स्तोत्र सैतानाने प्रभूपुढे म्हटलं, मंदिराच्या शिरोभागी उभं करून, मार उडी, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंय की. आणि प्रभूने काय केलं, उडी मारली नाही, देवाची परीक्षा पाहू नको म्हणाला. वचन खरं असूनही त्याचा ताईत करायला त्याने नकार दिला. हा शास्त्रभाग मी आता नऊ-दहा वर्षांच्या मुलांना आवर्जून शिकवते.

आणि मी हे पुस्तकातून नाही शिकले. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या सासूबाई कोरोनाने गेल्या. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची, रोज रात्री हात जोडून आजीसाठी मागायची, आणि आम्ही मोठी माणसं तिला काय सांगत होतो, तर “तू माग, देव लहान मुलांचं ऐकतो, आजी बरी होणार”. आजी गेल्यावर दोन दिवस ती गप्प होती आणि तिसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “मम्मी, मी नीट मागितलं नाही का?” दादा, मी गॅस बंद केला आणि तिला घेऊन तिथेच खाली फरशीवर बसले. त्या क्षणी मला कळलं की खात्री देऊन आपण मुलाला विश्वास देत नाही, हिशोब देतो, आणि हिशोब चुकला की मूल देवाला नाही, स्वतःला दोषी धरतं. तुम्ही जे दार उघडं राहण्याचं लिहिलंय ते आणि हे, एकाच झाडाची फळं आहेत.

मग मी तिला प्रेषितांच्या कृत्यांमधला १२वा अध्याय सांगितला, तेव्हा नाही लगेच, नंतर हळूहळू. त्या एकाच अध्यायात हेरोद योहानाच्या भावाला, याकोबाला, तलवारीने मारतो आणि पेत्राला मात्र देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. दोघेही प्रभूचे, दोघांवर त्याचं सारखंच प्रेम. याकोबासाठी मंडळीने नीट मागितलं नव्हतं असं तिथे लिहिलेलं नाही. का ते सांगितलेलंच नाही, आणि मीही मुलीला का ते सांगितलं नाही. आणि दानीएलाच्या पुस्तकात, राजाच्या मूर्तीला नमन न केल्यामुळे आगीच्या भट्टीत टाकले जाणारे शद्रख, मेशख, अबेद्नगो राजाला म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि न सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ते “तरी” मी मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेते.

मोठ्या मुलांना मी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच मातीतली आहे. त्यांचे आईवडील दुष्काळात त्यांच्या डोळ्यांदेखत गेले, आणि पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी “मुक्ती” हे आश्रयस्थान उभं केलं. त्या मुलींना संरक्षण म्हणजे आधी भाकरी आणि डोक्यावर छप्पर मिळालं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा त्यांच्याआधी गेली, तरी त्यांनी मराठी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही, ते पूर्ण केलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. या बाईला देवाने राखलं की नाही, हा प्रश्न मी मुलांना विचारते आणि उत्तर देत नाही, त्यांचं त्यांना बोलू देते. एकदा यावर पाऊण तास चर्चा चालली, जेवायची घंटा झाली तरी कोणी उठेना.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण तुमच्या कमेंटमुळे मला ती पोस्टमध्ये घालावीशी वाटली. “प्रार्थना कर, देव राखेल” एवढंच मुलाला शिकवलं आणि “कोणी नको तिथे हात लावला तर लगेच येऊन सांग, तो कोणीही असो, मंडळीतला असो, मी असो” हे शिकवलं नाही, तर आपण त्याला उघड्यावर सोडलं. आमच्या वर्गाच्या भिंतीवर ४थ्या स्तोत्रातल्या निर्धास्त झोपेबद्दलच्या ८व्या ओवीच्या शेजारीच १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरात लावलेला आहे, आणि सगळ्या टीचर्सना माहिती आहे की असं काही कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) ते कळवावंच लागतं, मंडळीची अब्रू वगैरे म्हणून दाबता येत नाही. लहानांपैकी एकाला अडखळवण्यापेक्षा गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं, असं प्रभूने म्हटलंय, इतके कडक शब्द त्याने फार कमी वेळा वापरलेत.

“मोठं झाल्यावर त्यांचं त्यांना ठरवू द्या” हेही तुम्ही म्हणालात, तर ठरवतीलच ना, पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याला आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून विश्वास मिळाला तरी त्याचा निर्णय त्याचाच होता. पण तोवर मी गप्प बसले तरी मुलं माझ्याकडे बघून काहीतरी शिकतच असतात, मग बोलून शिकवलेलं बरं.

आमच्या घरी रात्री काय होतं ते सांगून थांबते. मुलगी आता मोठी झालीय, तरी झोपताना डोकं पुढे करते, मी हात ठेवून तोच गणनेतला आशीर्वाद म्हणते, कधी ती आधीच झोपलेली असते, कधी मीच दमून विसरते, आणि विसरले तर सकाळी तिला सांगते की काल मी विसरले पण तो जागा होता. तिच्या खोलीत झिरोचा बल्ब रात्रभर चालू असतो. तो बंद कर, विश्वास ठेव, असं मी तिला कधी म्हणालेले नाही आणि म्हणणारही नाही.

सुधारलेली पोस्ट आज टाकलीय. तुम्हाला जमेल तेव्हा वाचा, आणि एक विनंती आहे, त्या वयात तुम्हाला कोणी काय सांगायला हवं होतं असं वाटतं ते लिहा. पुढच्या शनिवारी आमच्या टीचर्सची तयारीची मीटिंग आहे, तिथे मी ते वाचून दाखवीन, तुमचं नाव न घेता.

तुमची बहीण