‘कमिशन सांगण्याची गरज नाही’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

अ‍ॅफिलिएट मार्केटिंग, म्हणजे आपल्या लेखात विक्रेत्याची लिंक देऊन तिच्यावरून झालेल्या खरेदीमागे कमिशन मिळवणे, शिकवणाऱ्यांकडून एक मजकूर सर्रास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : जाहिरात उघड करण्याचा नियम अमेरिकेतला आहे आणि तोही बड्या इन्फ्लुएन्सरसाठी, लिंकवरून खरेदी केल्याने वाचकाला एक पैसाही जास्त मोजावा लागत नाही आणि लेखकाचे मत प्रामाणिक असते, त्यामुळे कमिशनचा उल्लेख करण्याचे कारण नाही, अगदीच वाटले तर संकेतस्थळाच्या तळाशी एक ओळ टाकावी, कारवाई झालीच तर ती कंपनीवर होते, आणि कमिशनचा विषय काढला की क्लिक घटतात. नव्याने लिहू लागलेले अनेकजण यावर विसंबून काम सुरू करतात, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

नियम अमेरिकेतला आहे, हे अर्धेच खरे आहे. फेडरल ट्रेड कमिशन या तेथील ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने शिफारशींविषयीच्या १९८०च्या आपल्या मार्गदर्शक सूचना २००९मध्ये सुधारल्या, तेव्हा ब्लॉगरांचा त्यांत स्पष्ट समावेश झाला आणि २०२३मध्ये त्या पुन्हा सुधारण्यात आल्या. परंतु भारतातही २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणाऱ्या जाहिरातीला दिशाभूल करणारी जाहिरात मानतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शिफारस करणारा आणि उत्पादक, विक्रेता किंवा जाहिरातदार यांच्यात शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम करू शकेल असा संबंध असेल आणि वाचकाला तो अपेक्षित नसेल, तर तो पूर्णपणे उघड करावा लागतो. जाहिरात क्षेत्राने स्वनियमनासाठी स्थापन केलेल्या अ‍ॅस्की या संस्थेचे इन्फ्लुएन्सरविषयक नियम त्याच्याही आधी, १४ जून २०२१पासून लागू झाले. ‘अमुक इतके अनुयायी असतील तरच’ अशी अट यांपैकी कशातही नाही. छोट्या ब्लॉगरला सूट आहे हा समज कोठून आला कोण जाणे. नियमांच्या मजकुरात तरी त्याला आधार सापडत नाही.

‘वाचकाला जास्त पैसे पडत नाहीत’ हा या मजकुरातील सर्वांत पटणारा आणि म्हणूनच सर्वांत घातक मुद्दा आहे. किंमत तीच राहते हे बहुतेक वेळा खरे असते, पण नियम किंमतीविषयी नाहीच. तो शिफारशीला किती वजन द्यायचे हे ठरवण्याच्या वाचकाच्या हक्काविषयी आहे. ‘सर्वोत्तम पाच वेब होस्टिंग सेवा’ (म्हणजे संकेतस्थळ इंटरनेटवर ठेवण्यासाठी जागा देणाऱ्या सेवा) या धर्तीचा एखादा लेख घ्या. होस्टिंग कंपन्या नव्या ग्राहकामागे ठोक रक्कम देतात, पुस्तकासारख्या वस्तूवर किंमतीचा लहानसा टक्का मिळतो, आणि काही चांगल्या सेवा अ‍ॅफिलिएट योजनाच चालवत नाहीत. लेखक कितीही सचोटीचा असला, तरी ज्या सेवेतून त्याला काहीच मिळत नाही ती यादीत येण्याची शक्यता कमी होते, आणि जी सर्वाधिक देते तिच्यातील उणिवा लिहिताना त्याचा हात आखडता होतो. यादीतील प्रत्येक वाक्य खरे असूनही यादी एका बाजूला झुकलेली असू शकते. जे लिहिलेच गेले नाही ते वाचकाला दिसत नाही, त्यामुळे तो ते स्वतः तपासूही शकत नाही. मत प्रामाणिक असल्याने ही अडचण सुटत नाही, कारण लेखकाला स्वतःचा कल पुष्कळदा जाणवतही नसतो. कमिशनचा उल्लेख केला, तर निदान दुसरीकडे पडताळणी करून घ्यावी की नाही हे वाचकाला ठरवता येते. फुकट मिळालेल्या वस्तूलाही हेच लागू पडते. जानेवारी २०२३मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत पैशांबरोबरच मोफत वस्तू, सवलती, भेटी, सहली, एवढेच नव्हे तर कौटुंबिक व नोकरीचे संबंधही मोजले आहेत.

आता तळाच्या ओळीकडे वळू. मोबाइलवर लांबलचक परीक्षण वाचणारा माणूस दुसऱ्या परिच्छेदातल्या ‘येथे खरेदी करा’ या बटणावर बोट ठेवतो आणि दुकानात पोहोचतो. तळाशी काय लिहिले आहे ते त्याच्या नजरेस पडण्याचा प्रश्नच येत नाही. ‘आमच्याविषयी’ या पानावरील खुलाशाचीही तीच गत होते. फेडरल ट्रेड कमिशनची अपेक्षा खुलासा शिफारशीच्या जवळ, नजरेतून सुटणार नाही असा असावा ही आहे, आणि अ‍ॅस्कीनेही केवळ प्रोफाइलमध्ये दिलेला सरसकट खुलासा पुरेसा मानलेला नाही. २०२० साली टीमी या चहा विकणाऱ्या कंपनीविरुद्ध अमेरिकेत झालेल्या कारवाईत एक तक्रार हीच होती : इन्स्टाग्रामवरील मोबदल्याचा उल्लेख ‘आणखी’ हा शब्द दाबल्याशिवाय दिसत नव्हता. नुसते ‘अ‍ॅफिलिएट लिंक’ असे लिहिणेही पुरेसे नसू शकते, कारण त्या शब्दांमागे पैशाचा व्यवहार आहे हे सामान्य वाचकाला कळेलच असे नाही. अ‍ॅमेझॉन आपल्या सहयोगींना, म्हणजे अ‍ॅफिलिएटना, कमिशनविषयीचे एक ठरावीक वाक्य संकेतस्थळावर टाकायला लावते, ते टाकले की जबाबदारी संपली असेही अनेकजण समजतात. मात्र ती अट कंपनीबरोबरच्या कराराची आहे आणि ती तळाशी पूर्ण केल्याने वाचकाप्रती असलेले कर्तव्य पूर्ण होत नाही. पहिल्या लिंकच्या आधी ‘या लेखातील लिंकवरून आपण खरेदी केल्यास मला विक्रेत्याकडून कमिशन मिळते’ एवढे साधे वाक्य, लेखाच्याच भाषेत, लिहिणे अवघड नाही.

कारवाई कंपनीवर होते, हे अमेरिकेपुरते बव्हंशी खरे आहे. गिटारचे धडे विकणाऱ्या लेगसी लर्निंग सिस्टिम्स या कंपनीचे अ‍ॅफिलिएट सामान्य ग्राहक किंवा तटस्थ परीक्षक असल्याचे भासवून स्तुती लिहीत होते, आणि २०११मध्ये अडीच लाख डॉलर भरावे लागले ते कंपनीच्या बाजूला. भारतीय कायद्याची रचना वेगळी आहे. त्याच्या कलम २१ मध्ये उत्पादकाबरोबर शिफारस करणाऱ्याचाही थेट उल्लेख असून, खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय शिफारशी करण्यावर एक वर्षापर्यंत, आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत, बंदी घालता येते. जाहिरातीतील दाव्यांची सत्यता पडताळून पाहण्याची योग्य ती काळजी घेतलेल्याला हाच कायदा संरक्षणही देतो, पण ती काळजी शिफारस करणाऱ्याने स्वतः घ्यायची असते.

राहिला क्लिक घटण्याचा मुद्दा. काही वाचक कमिशनचे वाक्य वाचून लिंक दाबणार नाहीत, हे मी नाकारत नाही. परंतु हे मान्य करताच उरलेला सगळा युक्तिवाद कोसळतो. जी माहिती कळल्यावर वाचकाचा निर्णय बदलतो, ती त्याच्या दृष्टीने महत्त्वाचीच असते, आणि नियम उघड करायला सांगतो तो संबंध नेमका असाच. कमिशनचा उल्लेख निरर्थक आहे आणि त्याने विक्री कमी होते, ही दोन विधाने एकाच मजकुरात एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.