‘असल्या नादाला लागू नये’ म्हणणाऱ्या जाणकारांना उत्तर

घरगुती नॅसवरच्या, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फायली नेटवर्कवरून साठवणाऱ्या डिस्कच्या डब्यावरच्या, माझ्या लेखाखाली ‘एक जाणकार’ या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो. मी सोयीचं तेवढंच उचललं असं नंतर ऐकायला नको.

“दोन डिस्कचा डबा, आत 1 जीबी मेमरी, आणि त्याची एवढी आरती! डिस्कचे पैसे वेगळे पडतात हे शेवटच्या ओळीत. घरातल्या जुन्या पीसीवर लिनक्स टाका, फुकटात याच्या दुप्पट काम होईल. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांनी असल्या नादाला लागू नये. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे हे सांगितलेलं नाही, एसएमआर डिस्कचा उल्लेख नाही, डबा इंटरनेटला उघडा ठेवला तर काय होतं यावर चकार शब्द नाही. लेख लिहिण्याचे किती मिळाले?”

जाणकार साहेब, काही मिळालं नाही. सिनॉलॉजीचा डीएस223जे, म्हणजे लेखातला तो डबा, मी पदरच्या पैशांनी घेतला. पणजीच्या दुकानाचं बिल आहे. तुम्हाला दाखवायला मी बांधील नाही, पण आहे. गोव्यात कोणी मराठीत चार तांत्रिक ओळी लिहिल्या की ‘किती मिळाले’ विचारायचं, ही आपली जुनी खोड. हेच इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही अंगठा उंचावून पुढे गेला असता.

डिस्कच्या पैशांचं मान्य. ते वर लिहायला हवं होतं, आता लिहिलंय. रिकामा डबा घरी नेऊन ‘यात जागा किती’ असं विचारणारे असतात.

पण ते ‘ज्यांना तेवढंही जमत नाही’ मला सोडवत नाही.

मी फोंड्यात बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं. ‘हे आम्हाला जमत नाही हो’ म्हणणारी माणसंच काउंटरवर यायची आणि ती अडाणी नव्हती. सावईवेऱ्याचे एक निवृत्त मास्तर मिनी-डीव्ही कॅसेटींची पिशवी घेऊन आले होते. गावच्या जत्रेतली नाटकं, चवथीतल्या घुमट आरत्या, सगळं स्वतः चित्रित केलेलं. तासाभराच्या एका कॅसेटचे साधारण 13 जीबी होतात, आणि पिशवी तर शिगोशीग भरलेली. या माणसाला संगीत नाटकांची पदंच्या पदं तोंडपाठ. त्याला टर्मिनलवर डिस्क माउंट करता येत नाही म्हणून त्याने ते सगळं बुरशीच्या हवाली करायचं? तुमच्या मते तो नादाला लागलेला, आणि तुम्ही कोण?

बरं, जुना पीसी. तुम्ही तो सांगता तसा मी स्वतः चालवलाय, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. उन्हाळ्यात छान चालतो. मग मिरग लागतो. लाइट जाते, येते, पुन्हा जाते, आणि विजा चमकायला लागल्या की घरातलं कोणीतरी मेन स्विचच पाडतं. जुन्या मदरबोर्डवरचा तो बटणाएवढा सीआर2032 सेल बहुधा मेलेला असतो. करंट तुटला की बोर्ड तारीख विसरतो, बायोसच्या, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या, सेटिंग विसरतो, आणि लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंगही त्यातच जाते. हाताने चालू केला तर पडद्यावर ‘एफ1 दाबा’. पीसी माळ्यावर, मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. तुम्ही ऑफिसात, आणि बायको फोनवर विचारतेय की टीव्हीवर फोटो का दिसत नाहीत. श्रावणापर्यंत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर ओल धरते. मग रॅम उपसायची, खोडरबराने पट्ट्या घासायच्या, परत दाबून बसवायची, तेव्हा कुठे बीप थांबतात. गोव्यातल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याच्या खणात ते खोडरबर सापडेल.

तुम्ही ज्या 1 जीबीला हसलात ती मेमरी बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. वाढवता येत नाही, खरं. पण घासावीही लागत नाही. यूपीएसची यूएसबी वायर डब्याला लावली की बॅटरी उतरायला लागताच तो लिहायचं काम आवरून स्वतः बंद होतो, आणि सेटिंग करून ठेवली असेल तर लाइट आल्यावर आपला आपण उठतो. हे सगळं लिनक्सवरही करता येतं, मला शिकवू नका. नट नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. प्रश्न एवढाच, की मास्तरांच्या घरी ते कोण लावणार? तुम्ही येणार सावईवेऱ्याला?

आणि ‘फुकटात’! जुना डेस्कटॉप नुसता बसून साठेक वॅट खातो. चोवीस तास, तीस दिवस: 43 युनिट. हा डबा दोन डिस्क फिरत असताना 16 वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे 12 युनिट. वजाबाकी तुम्हाला जमेल.

बाकीचं थोडक्यात, कारण त्यात फारसं काही नाही. आरसा, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं, हा बॅकअप नव्हे, हो, नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदम जाते, हे माझ्या दुकानात चहा आणणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं. प्रत्येक लेखात पहिलीपासून शिकवत बसू का? एसएमआर म्हणजे डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, नॅसमध्ये रखडणारी डिस्क. तिचा गदारोळ 2020 चा, डब्ल्यूडीच्या रेड डिस्कवरून झालेला. नंतर सीएमआरवाल्या, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या, डिस्कना त्यांनी रेड प्लस नाव दिलं. दुकानात रेड प्लस मागा नाहीतर सीगेटची आयर्नवुल्फ, विषय मिटला. इंटरनेटचं म्हणाल तर एप्रिल 2021 मध्ये क्यूनॅप कंपनीच्या डब्यांवर क्यूलॉकर हा खंडणीखोर व्हायरस आला, लोकांच्या फायली 7-झिपमध्ये कोंडून पासवर्डसाठी पैसे मागितले, ते मीही वाचलंय. पण राउटरचं पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून डब्यात यायची वाट, उघडा असं मी लिहिलंय कुठे? जे सांगितलंच नाही ते करू नये, एवढं वाचकाला कळतं.

राहता राहिली दुप्पट कामाची बढाई. गिगाबिट वायरीवर सेकंदाला 110 एमबीच्या आसपास मिळतात. तुमचा पीसी कितीही तगडा असो, वायर तीच. डॉकर, चार व्हर्च्युअल मशीन असलं एका पीसीत अनेक पीसी चालवण्याचं काही करायचं असेल तर खुशाल पीसी घ्या, पण लेखाच्या शीर्षकात ‘घरगुती’ लिहिलं होतं, ते वाचायचं राहिलं असावं.

पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने पाठवलीत तर छापीन. ‘एक जाणकार’ म्हणून आली तर नाही.