जेटीला स्पीड मिळणारच: नांगराच्या चाचणीवरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. नांगर उचलण्याची चाचणी खोल पाण्यात घ्या, या आमच्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये विंडलासची (नांगराची साखळी ओढणाऱ्या यंत्राची) लोड टेस्ट झालेली असताना जहाज खोल पाण्यात नेणं म्हणजे नुसतं डिझेल जाळणं. जेटीलाच दोन शॅकल (साखळीचे २७.५ मीटरचे तुकडे) सोडा, वर घ्या, नियमाचे मिनिटाला ९ मीटर आरामात मिळतात. शिवाय बडोद्यात बसून समुद्र शिकवू नका. शेवटचा टोमणा मान्य. आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत, नांगर टाकायची सोय नाही.

पण जेटीला स्पीड का मिळतो? पाणी १० मीटर. सोडलेल्या ५५ मीटरपैकी बहुतेक साखळी गाळात पडलेली. ५० मिमीची साखळी मीटरला साधारण ५५ किलो भरते. ३ टनांचा नांगर आणि १० मीटर साखळी, पाण्याचा उचल वजा जाता, ३.१ टन. तीन शॅकल, म्हणजे ८२.५ मीटर, अधांतरी लटकले की तेच ६.५ टन. मोटरला कळायला हवं ते हे वजन. म्हणून सुरुवातीला तीन शॅकल आणि नांगर पाण्यात मोकळे लटकलेले हवेत, आणि वेळ मोजायची दोन शॅकलची: ५५ मीटर, जास्तीत जास्त ६ मिनिटं ७ सेकंद. खंभातच्या आखातात एवढं पाणी नाही, हे खरं. तिथे पर्यायी लोड लावून चाचणी घेता येते, पण ते क्लासच्या (जहाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) सर्व्हेयरशी आधी ठरवायचं, जेटीवर उभं राहून नव्हे.

एक चूक मात्र आमची. ‘प्रत्येक शॅकलला ९ मीटर’ असं लेखात छापलं गेलं. नियम दोन शॅकल मिळून मिनिटाला ९ मीटर, या सरासरीचा आहे. पहिला शॅकल हळू आला तरी चालतो.

वर्कशॉपची टेस्ट (अर्धा तास सलग ओढ, मग दीडपट लोड २ मिनिटं) मोटर-गिअरबॉक्सची. हॉजपाइपचं (साखळी ज्या नळीतून बाहेर जाते तिचं) घर्षण आणि जहाजावरची लांब हायड्रॉलिक लाइन तिला दिसत नाही. स्पीड कमी आला की लोक थेट रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचा दाब मर्यादेत ठेवणारा) आवळतात. थांबा. आधी विंडलास बंद करून ब्रेक ड्रमजवळ हात न्या. ब्रेक उघडा असूनही ड्रम तापला असेल, तर ब्रेकचा पट्टा खालच्या बाजूला घासतोय. आधाराचा स्क्रू फिरवून फट सगळीकडे सारखी करा. ब्रेकची चाचणीही त्याच फेरीत घ्या: क्लच काढून अर्धा-अर्धा शॅकल सोडा आणि दर वेळी पूर्ण थांबवा. पट्ट्याचं नवं लायनिंग (आतलं अस्तर) नुसत्या टोकांना टेकत असेल, तर धूर तिथूनच निघतो.